‘नंबर 1’ ठरवलं कोणी?

प्रश्न : भाऊ, आम्ही सावद्याला घरीच केळीचे वेफर्स करतो, पाकिटावर ‘खान्देशात नंबर 1, 100 टक्के शुद्ध’ छापलंय तरी नवीन गिऱ्हाईक हात लावत नाही. काय लिहू?

उत्तर : ताई, नंबर 1 ठरवलं कोणी? ते आधी खोडा, कोणी पुरावा मागितला तर काय दाखवणार, आणि 2019च्या ग्राहक कायद्यात फसव्या जाहिरातीला पहिल्याच वेळी 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यापेक्षा साधं लिहा की केळी आमच्याच मळ्यातली, शेंगदाणा तेलात अमुक तारखेला तळलेत, नरम निघाले तर पाकीट आणा नि पैसे घेऊन जा (खरं असेल तरच हं!). एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी नंबर नीट वाचता येईल असा टाका. आणि पाकिटावर हसऱ्या मॉडेलचा फोटो असेल तर तो हटवून तुमच्या कढईचा लावा, धुरकट आला तरी चालेल.