आडनावावरून वंश काढू नकोस

तुझा फिलिपिन्सवरचा लेख काल रात्री वाचला, जमलाय बऱ्यापैकी, पण एका वाक्याला अडकलो. तू लिहिलंयस, तिथे सांतोस, क्रूझ, रेयेस अशी आडनावं म्हणजे निम्मे लोक स्पॅनिश वंशाचे. अरे बाबा, स्पॅनिश माणसं तिथे कायम मूठभरच होती. बाप्तिस्मा झाला की लोक आपणहून सांतोस, क्रूझ लावायचे, आणि इतक्या जणांनी लावलं की कर कोणाचा आला नि कोणाचा राहिला कळेना, मग 1849 मध्ये गव्हर्नर क्लावेरियाने हुकूमच काढला, प्रत्येक घराला कायमचं आडनाव. आडनावांची छापील यादी, तिची पानं गावोगाव वाटली. अल्बाय प्रांतात ओआस नावाचं गाव आहे, त्याच्या वाट्याला 'आर' चं पान आलं, म्हणून तिथे आजही ढीगभर आडनावं 'आर' वरून सुरू होतात. बघ म्हणजे.

भाषेचंही तसंच. स्पेनने 1565 ते 1898 एवढं राज्य करून स्पॅनिश घराघरात का नाही पोचली, हे तू लिहिलंच नाहीयेस. पाद्रीच स्थानिक भाषा शिकले आणि त्यातच धर्म सांगत बसले. 1593 मध्ये मनिलात छापलेलं धर्माचं पुस्तक स्पॅनिश आणि तागालोग (मनिलाकडची भाषा) दोन्हीत आहे, तागालोग तर त्यांच्या जुन्या बायबायिन लिपीतसुद्धा. स्पॅनिश शब्द मात्र भरपूर मुरले. मी जहाजावर असताना आमचा बोसन (आपल्याकडे सारंग म्हणायचे) मनिलाकडचा होता, नट मोजताना तागालोगमधले इसा, दलावा, तात्लो, आणि घड्याळात तीन वाजले की स्पॅनिशमधलं आलास त्रेस. एकाच माणसाच्या तोंडात दोन वेगवेगळे तीन! विचारलं तर म्हणाला कधी लक्षातच नाही आलं. आपण तरी वडापाव खाताना पाव नि बटाटा पोर्तुगीज म्हणून थोडीच खातो.

आता मुख्य गोष्ट, जी तू शेवटच्या दोन ओळीत उरकलीस. 'फिलिपिनो' हा शब्द आधी त्या बेटांवर जन्मलेल्या गोऱ्या स्पॅनिशांसाठी होता, स्थानिक माणूस म्हणजे नुसता 'इंदियो'. तोच शब्द पुढे स्थानिकांनी उचलला नि सगळ्यांचा करून टाकला. तेही बऱ्याच अंशी स्पॅनिशमध्ये लिहून! तिथला राष्ट्रपुरुष होसे रिझाल, त्याची पहिली कादंबरी 1887 ची, स्पॅनिशमधली, त्याच्या देशातल्या बहुतेकांना वाचताच येत नव्हती, तरी सरकार घाबरलं आणि 30 डिसेंबर 1896 ला त्याला मनिलात गोळ्या घातल्या. वय 35.

आणि गंमत बघ, त्याचं घराणं मुळात मर्काडो. रिझाल हे नाव वडिलांनी घेतलं ते त्याच 1849 च्या हुकुमामुळे. राष्ट्रपुरुषाचं नावच कर गोळा करायच्या भानगडीतून आलेलं! लेख इथूनच सुरू कर ना. चर्चच्या वास्तुकलेचा तो लांबलचक परिच्छेद काढ, कोणी वाचणार नाही तो, मीही अर्ध्यात सोडला. रविवारपर्यंत पाठव, सोमवारी मी गावाला चाललोय आणि तिकडे रेंजचा पत्ता नसतो.