वाचक विचारतात : क्लबच्या संग्रहालयाचा पावसाळा

गावच्या फुटबॉल क्लबचे जुने खेळाडू, प्रशिक्षक आणि पाठीराखे यांच्या आठवणी एका खोलीत मांडायच्या आहेत, अशी पत्रं किनारपट्टीवरून आली आहेत. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : क्लबला पुढच्या वर्षी पन्नास वर्षं होतात. मंडळाच्या चिरेबंदी इमारतीत दहा बाय पंधराची खोली मोकळी आहे. मे महिन्यात उद्घाटन ठरतंय. सुतार प्लायची शोकेस करून देतो म्हणतो. काय पाहावं?
– एका क्लबचे कार्यवाह, देवगड तालुका

उद्घाटन खुशाल मे महिन्यात करा, पण खोली जुलै डोळ्यांसमोर ठेवून लावा. कापड, कागद, कातडं यांना हवेतली आर्द्रता साधारण ५० टक्के मानवते. ६५-७०च्या वर ती टिकून राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती दिवसचे दिवस ८५-९० असते. म्हणून पहिली खरेदी शोकेसची नको, हवेतली आर्द्रता मोजणाऱ्या हायग्रोमीटरची करा. साधा डिजिटल काही शे रुपयांत मिळतो, पण त्याच्या आकड्यावर लगेच भरवसा ठेवू नका. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ते विरघळू न देता चिखलासारखं भिजवा, आणि झाकण व मीटर एकाच झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवेत. ८० दिसले तर मीटर पाच जास्त दाखवतो, तशी चिठ्ठी त्याच्या पाठीवरच चिकटवा.

चिरा पाणी पितो. पश्चिमेच्या, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर एकही फ्रेम नको. बाकीच्या भिंतींवर फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावून दोन बोटं हवा खेळती ठेवा. कपाटं जमिनीपासून वीतभर वर हवीत.

खोलीत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, बसवणार असाल तर दिवसाला १५-२० लिटर पाणी ओढणारा घ्या आणि त्याची नळी थेट बाहेर सोडा. नाहीतर टाकी भरली की यंत्र गपचूप बंद पडतं, आणि हे सोमवारपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. दारं-खिडक्या बंद हव्यात. झडपा उघड्या ठेवून यंत्र चालवणं म्हणजे समुद्र उपसणं. दिवसा एसी आणि रात्री बंद, हा प्रकार तर मुळीच नको. गार झालेल्या काचेवर रात्रीची दमट हवा आली की आतल्या फोटोंना घाम फुटतो.

विजेचा भरवसा नसेल तर मांडायच्या वस्तू थोड्या आणि डब्यातल्या जास्त, हा हिशोब ठेवा. पॉलिप्रॉपिलीनचे घट्ट झाकणाचे डबे घ्या. तळाशी त्रिकोणात ५ आकडा असतो. पन्नास लिटरच्या डब्यात अर्धा किलो केशरी सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) कापडी पुरचुंडीत घाला. निळी नको, तिच्यातलं कोबाल्ट अपायकारक असतं. केशरीचा रंग हिरवट झाला की ताटात पातळ पसरून ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास ओव्हनमध्ये वाळवा, पुन्हा वापरता येते. डबे मात्र फेब्रुवारीत, कोरड्या हवेत भरा. जुलैत भरलेल्या डब्यात ओलच कोंडली जाते.

प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेले फळे) यांतून महिनोन्महिने आम्लाची वाफ सुटते, तिने पितळ खराब होतं. पावडर कोटिंग केलेल्या धातूची चौकट आणि काच बरी. सुतार नाराज होईल. त्याला बाक करायला सांगा.

प्रश्न : चषक काळे पडलेत. चिंचेने घासून चकचकीत करावेत का?
– वेंगुर्ले

नको. बहुतेक चषकांवर चांदीचा केवळ मुलामा असतो. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर यांनी तो दर वर्षी थोडा निघतो आणि एक दिवस खालचं पितळ डोकावतं. त्याबरोबर कोरलेलं वर्ष आणि विजेत्यांची नावंही पुसट होतात, आणि चषकात जपण्यासारखं खरं तेच असतं. मऊ सुती कापडाने कोरडं पुसा. खाऱ्या वाऱ्याचा थर असेल तर डिस्टिल्ड पाण्यात कापड किंचित ओलं करून पुसा आणि लगेच वाळवा. लाकडी बैठकीला पाणी लागू देऊ नका. उचलताना हातमोजे घाला, घामातल्या मिठाने बोटांचे ठसे कायमचे उमटतात. रबरबँड जवळ फिरकू देऊ नका. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. खाचांत हिरवी पूड दिसली तर तो चषक बाकीच्यांपासून वेगळा करा आणि जाणकाराला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्तूंच्या जतनाचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे सल्ला विचारता येईल.

प्रश्न : संघाच्या एका फोटोत सगळे अनवाणी आहेत. म्हणजे तो १९५२च्या आधीचा, असं एकजण ठामपणे सांगतात. खरं का?
– रत्नागिरी

एवढ्यावरून ठरत नाही. २९ जुलै १९११ रोजी कोलकात्याच्या मोहन बागान क्लबने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्करी संघाला २-१ हरवून आयएफए शील्ड ही मानाची स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांच्यात बूट घातलेला एकच खेळाडू होता. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्येही आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच होते. १९५२ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १-१० अशी हार झाल्यावर बूट सक्तीचे झाले. पण ती सक्ती वरच्या स्पर्धांची. गावच्या मैदानावर, विशेषतः पावसात, पोरं नंतरही कित्येक वर्षं अनवाणी खेळली.

त्यापेक्षा चेंडू बघा. वादी ओवलेला, लांबट पट्ट्यांचा तपकिरी चेंडू जुन्या काळाकडे बोट दाखवतो. काळ्या पंचकोनांचा ३२ तुकड्यांचा चेंडू १९७०च्या मेक्सिको विश्वचषकाने जगभर ओळखीचा केला, त्यामुळे तो दिसला तर फोटो बहुधा त्यानंतरचा. मग फोटोच्या पाठीवरचा स्टुडिओचा शिक्का वाचा. एवढं करूनही नक्की होत नसेल तर पाटीवर 'अंदाजे' असं लिहा. ठाम चुकीच्या पाटीची पुढे स्मरणिकेत नक्कल होते आणि मग ती खोडता येत नाही.

फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका. काचेसकट ६०० डीपीआयला स्कॅन करा. लॅमिनेशन तर अजिबात नको.

प्रश्न : जर्सीवर चिखलाचे डाग आहेत, धुवावी का? कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवल्यात. आणि बुटांचे तळवे भुग्यासारखे का गळतात?
– मालवण

डाग अंतिम सामन्यातले असतील तर तेही राहू द्या. घाम आणि बुरशीचा वास असेल तर मात्र सावलीत वारा द्या आणि मऊ ब्रशने झटका. डांबरगोळ्या काढा. त्यांची वाफ माणसांना बरी नाही आणि प्लास्टिकचे छापील आकडेही तिने मऊ होऊन एकमेकांना चिकटतात. छापील भागावर सिलिकॉन लावलेला बेकिंग पेपर ठेवा, घडीत कोऱ्या, धुतलेल्या मांजरपाटाच्या गुंडाळ्या घाला. कसर दिसलीच तर जर्सी दोन प्लास्टिक पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर कापडावर दव धरेल. (फ्रीझर बांगडा मासळीचा नसावा, हे मालवणात सांगायला हवं.)

तळवे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे असतील तर दमट हवेने ते आतून तुटत जातात, वापर नसला तरीही. यावर इलाज नाही. आत्ताच सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि बूट इतर वस्तूंपासून दूर, कोरड्या डब्यात ठेवा. कातड्याच्या चेंडूला खोबरेल चोपडू नका आणि त्यात हवाही भरू नका, जुनी शिवण उसवते.

प्रश्न : खेळाडूंचं सामान मिळतंय, पण पाठीराख्यांचं काय मांडणार?
– अलिबाग

तिकिटं, हँडबिलं, वर्गणीच्या पावत्या, रेषेवर वाजलेला ताशा, पाहुण्या संघाचं जेवण करणाऱ्या घरातलं मोठं पातेलं. यातलं पुष्कळसं मुंबईला गेलेल्यांच्या माळ्यावर असेल, म्हणून शोध गणपतीत आणि शिमग्याला घ्या, चाकरमानी घरी असतात तेव्हा. संघाच्या फोटोवर बटर पेपर ठेवून डोक्यांचे गोल काढा, आकडे घाला, आणि नावं दोन वेगवेगळ्या माणसांकडून स्वतंत्रपणे लिहून घ्या. दोघांना एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याचीच यादी उरते. बोलणं ध्वनिमुद्रित करा आणि वापरायची संमती सुरुवातीलाच टेपवर घ्या.

प्रश्न : एका माजी प्रशिक्षकांच्या घरच्यांनी त्यांच्या वह्या 'ठेवा तुमच्याकडे' म्हणून दिल्या. लेखी हवंच का?
– दापोली

हवं. 'ठेवा' म्हणजे दिल्या की सांभाळायला दिल्या, यावरून दहा वर्षांनी नातवंडं भांडतात. दानपत्र आणि ठेवपत्र असे दोन वेगळे कागद करा. ठेव असेल तर मुदत घाला, एक वर्ष पुरे, मग नूतनीकरण. प्रत्येक वस्तूला वर्ष, देणगीचा क्रम, वस्तूचा क्रम असा आकडा द्या : २०२६.३.२. कागदावर तो मऊ पेन्सिलने मागे, कापडावर सुती फितीवर लिहून दोन टाक्यांनी, चषकाला दोऱ्याने. नोंदवहीची एक प्रत गावाबाहेर ठेवा. २२ जुलै २०२१ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या वह्या आणि त्यांच्या याद्या एकदमच भिजल्या असतील, तर काय गेलं हेही सांगता येत नाही.