तोंडातून निघून गेलं, त्याबद्दल

अरे,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण घाईत दोन ओळी टाकून मोकळं व्हायचं नव्हतं म्हणून आज नीट लिहितोय. मीटिंगमध्ये शिवी गेली, सगळे एकदम गप्प झाले आणि आता तू विचारतोयस की शिव्या कायमच्या बंद करू का. मी बंद कर म्हणणार नाही. पण ती कोणावर गेली ते बघ, सगळी गोम तिथेच आहे.

माझ्या मामाला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा त्याची वाचा गेली. पाणी हवंय हे सांगता येईना, मामीचं नाव तोंडात येईना, नुसते ओठ हलायचे. आणि एक दिवस नर्सने सुई टोचली तर खणखणीत शिवी, अगदी स्पष्ट! मामी रडायलाच लागली, लाज वाटून नाही रे, इतक्या दिवसांनी त्याचा आवाज ऐकला म्हणून. डॉक्टर म्हणाले असं होतं, विचार करून बोलायचा मेंदूचा भाग बहुतेकांचा डावीकडे असतो, तो मार खातो, पण शिव्या, आकडे मोजणं, पाठ झालेलं काही हे कधीकधी शाबूत राहतं. फ्रेंच कवी बोदलेरचंही १८६६ साली असंच झालं होतं, शब्दांवर जगलेला माणूस आणि तोंडात राहिला तो शिवीचा एक तुकडा. तेव्हापासून शिवी म्हणजे निव्वळ वाईट संस्कार असं कोणी म्हटलं की मला पटत नाही.

तिचा उपयोगही आहे. ब्रिटनमधल्या कील युनिव्हर्सिटीत रिचर्ड स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लोकांना गारठलेल्या पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं, एकदा शिवी घोकत आणि एकदा साधा शब्द घोकत, तर शिवी देताना लोकांनी जास्त वेळ कळ काढली. पण त्यांनीच २०११ मध्ये परत बघितलं तेव्हा जे एरवी उठसूट शिव्या देतात त्यांना हा फायदा कमी मिळाला. हे लक्षात ठेव. तुझ्या तोंडात दर वाक्याला एक असते, मग खरंच कळ येईल तेव्हा तुझ्याकडे काय उरणार?

आणि इंग्रजीत दिली तर चालते हे डोक्यातून काढ. परकी शिवी आपल्या जिभेला हलकी वाटते कारण ती खाऊन आपण मोठे झालो नाही, समोरच्याची ती मातृभाषा असेल तर त्याला तेवढीच झोंबते.

आता मुख्य गोष्ट. ‘च्यायला, परत फाइल उडाली’ आणि ‘तुला साल्या अक्कल आहे का’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली हवेत जाते, दुसरी माणसाला लागते. आणि आईबहिणीवरून देतो ती तर जी बाई त्या भांडणात नाहीच तिच्या अंगावर जाते, ती मला आता ऐकवत नाही, सवय आहे म्हणून सोडून दे असं कोणी म्हटलं तरी. टीममधल्या मुली हसून घेतात म्हणून त्यांना चालतं असं समजू नकोस, बऱ्याचदा माणूस दुसरं काही करता येत नाही म्हणून हसतो.

मी हे केलंय. माझ्या हाताखाली एक नवीन मुलगा होता, त्याची चूक झाली आणि मी सगळ्यांसमोर त्याला शिवी हासडली. तो हसला. मला वाटलं विषय संपला, आपलं दोस्तीतलं आहे. पण त्यानंतर तो शंका विचारायला माझ्या टेबलापाशी आलाच नाही, चुकायचा, लपवायचा आणि रात्री उशिरापर्यंत एकटा बसून निस्तरायचा. मला ते कळायला चार महिने गेले, तोवर त्याने राजीनामा दिला होता. ते अजून सलतं.

म्हणून विचारतो, कारण मेसेजमध्ये तू ते लिहिलंच नाहीस, तुझी शिवी गेली कोणाला? वैतागून हवेत गेली असेल तर ‘सॉरी, निघून गेलं’ एवढं बास, त्याचा बाऊ करू नकोस. पण समोर बसलेल्या कोणाला उद्देशून असेल तर ग्रुपवर माफीचा मेसेज टाकू नकोस, फोनही नको. उद्या लवकर जा, तो एकटा असेल तेव्हा गाठ, आणि तो ‘जाऊ दे रे’ म्हणाला तरी आधी तुझं बोलून पूर्ण कर.