झोपेतही उघडा राहणारा डोळा

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. चार दिवसांपूर्वी रडताना त्याचे तोंड डावीकडे ओढले जात असल्याचे दिसले. उजवा डोळा झोपेतही पूर्ण मिटत नाही. सासूबाई ‘वारे लागले’ म्हणून गालाला तेल चोळतात. हा लकवा असेल का? स्टिरॉइड द्यावे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : एवढ्या लहान मुलाला ‘भुवया वर कर’ असे सांगून तपासता येत नाही; त्याचे रडणे आणि हसणे हीच आमची तपासणी. रडताना उजव्या कपाळावर आठ्या पडत नसतील, तर दोष बहुधा चेहऱ्याच्या मज्जातंतूत आहे. आठ्या पडत असतील किंवा हात-पाय लुळा वाटत असेल, तर मेंदूतील कारणाची शंका येते. अशा वेळी तातडीने रुग्णालयात जावे.

हा मज्जातंतू मध्यकर्णाला लागून असलेल्या हाडाच्या अरुंद बोगद्यातून जातो, म्हणून कान तपासल्याशिवाय ‘बेल्स पाल्सी’ (ठोस कारण न सापडणारा, चेहऱ्याच्या एका बाजूचा लकवा) असे निदान करू नये; कानात पू असेल तर उपचारांची दिशाच बदलते. रक्तदाब मोजून घ्या (मुलांचा तो क्वचितच मोजला जातो) आणि स्टिरॉइडचा विचार असेल तर आधी रक्ततपासणी करा, कारण रक्ताचा कर्करोग कधी कधी अशाच वाकड्या चेहऱ्याने प्रकट होतो आणि स्टिरॉइडने तो काही काळ झाकला जातो.

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील १८७ मुलांवरील, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिल्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलेली मुले महिनाभरात इतरांपेक्षा लवकर बरी झाली नाहीत. सहा महिन्यांनी मात्र दोन्ही गटांतील दहापैकी नऊहून अधिक मुले पूर्ण बरी होती. तुमच्या मुलाचे ते ७२ तास उलटून गेले आहेत, त्यामुळे तपासण्या नीट निघाल्यास स्टिरॉइडसाठी मी आग्रह धरणार नाही. तीन महिन्यांत काहीच हालचाल परतली नाही किंवा अशक्तपणा हळूहळू वाढत गेला, तर एमआरआय करावा.

मला खरी काळजी त्या डोळ्याची वाटते. उघडे राहिलेले बुबुळ कोरडे पडून त्यावर जखम होऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारून दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि रात्री मलम आजपासूनच सुरू करा. पापणीला चिकटपट्टी कशी लावायची, तेही त्यांच्याकडूनच शिकून घ्या. डोळा लाल झाला किंवा मूल उजेडाकडे पाहीनासे झाले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या. आणि सासूबाईंना एवढे सांगा की, हलक्या हाताने गाल चोळण्याला हरकत नाही, पण न मिटणाऱ्या डोळ्यात तेल जाता कामा नये.