पाच वाजता घरी कोण असतं?

बडोद्याहून एका आईचं पत्र आलं आहे. मूळ पत्र बरंच मोठं आहे, त्यातला गाभा तेवढा देते.

«ताई, नमस्कार. आम्ही रावपुऱ्यात राहतो. मी बँकेत आहे, घरी यायला सात वाजतात. हे अंकलेश्वरला अप-डाउन करतात. मोठा मुलगा अकरावी सायन्सला आहे, त्याची सकाळची शाळा. आठवीपासून त्याला रोबोटिक्स, गिटार आणि एमयूएन (मुलांनी देशांचे प्रतिनिधी होऊन भरवलेली संयुक्त राष्ट्रांची नकली सभा) असं तिन्ही लावलं. महिन्याला आठ-नऊ हजार त्यातच जात होते. यांच्या आतेभावाची मुलगी अमेरिकेत शिकते. ते म्हणाले, तिकडे नुसते मार्क बघत नाहीत, अ‍ॅक्टिव्हिटीज बघतात. पण दिवाळीनंतर त्यानं एकेक करत सगळं सोडलं. रोबोटिक्सचा किट कपाटावर धूळ खातोय. ट्यूशन साडेसहाला असते, तोवर दुपारी दोनपासून घरातच. पाच वाजता ऑफिसातून फोन करावा तर पालथा पडून मोबाइल बघत असतो. काही बोललं की दार आपटतो. आता त्याला कुठल्या क्लबात घालू? एनसीसी? डिबेट? की जबरदस्तीनं रोबोटिक्सच चालू ठेवू?

धाकटीचं काही टेन्शन नाही. नववीत आहे, समजूतदार आहे. शाळेच्या खो-खोच्या टीममध्ये होती, पण प्रॅक्टिस पाचला आणि सासूबाईंचा चहा नि गोळीही पाचलाच. त्या वेळी घरी कोणी नसतं, म्हणून तिनं आपणहून सोडलं. कधी कुरकुर नाही. प्रश्न मुलाचाच आहे. त्याच्या काळजीनं मला झोप लागत नाही.»

तुमच्या पत्रात दोनदा पाच वाजले आहेत. पहिल्यांदा वाजतात तेव्हा मुलगा घरात पालथा पडलेला असतो. दुसऱ्यांदा वाजतात तेव्हा मुलगी मैदान सोडून घरी येते, कारण आजीला चहा द्यायला घरी कोणी नसतं. मग तो कोण असतो? सोळा-सतरा वर्षांचा, हातीपायी धड मुलगा आजीच्या शेजारच्या खोलीत आहे, दुपारी दोनपासून आहे, हे तुम्हीच लिहिलंत. चार ओळींनंतर घर रिकामं आहे असंही तुम्हीच लिहिलंत. मला याचा राग आला आहे आणि तो मी आवरून घेणार नाही.

चौदा वर्षांची मुलगी संघ आपणहून सोडते तेव्हा नेमकं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. रात्री जेवताना कोणीतरी म्हणतं, "आईंच्या चहाचं आता कसं करायचं?" कोणाचं नाव घेतलं जात नाही. भाऊ ताटातून मान वर करत नाही, त्यानं करावी अशी अपेक्षाही नसते. बाबा पाणी पितात. मग ती म्हणते, "मी येईन ना शाळेतून लवकर." आणि घर सुटकेचा श्वास टाकतं. तुमच्याकडे अगदी असंच घडलं असं मी म्हणत नाही. पण तुमच्या मुलाला त्या वेळी कोणी विचारलं होतं का? एवढ्या मोठ्या पत्रात तसा एकही शब्द नाही.

ती कुरकुर करत नाही, याचा अर्थ तिला काही वाटत नाही असा नाही. त्यानं दार आपटलं आणि त्याच्यासाठी तुम्ही पानंच्या पानं लिहिलीत. ती गप्प राहिली आणि तिच्या वाट्याला शेवटच्या चार ओळी आल्या, त्याही तिचं टेन्शन नाही हे सांगायला. घरात कुणाची दखल कशानं घेतली जाते, हे दोन्ही मुलं रोज बघताहेत. तीही शिकते आहे आणि तोही.

तिनं काय सोडलंय, ते तुम्ही कधी मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिलंय का? मला वाटत नाही, नाहीतर इतक्या सहज लिहिलं नसतंत. दोन खांबांच्या मधल्या पाटीवर आठ जणी चौकात बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी पाठलाग करते. तिला मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारीला मात्र मैदान मोकळं, ती कुठूनही कुठेही जाऊ शकते. म्हणून पाठलाग करणारीचं सगळं बसलेल्यांवर अवलंबून असतं. बसलेल्या मुलीला पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही. टाच उचललेली, पंजा मातीत रुतवलेला, बोटं जमिनीला टेकलेली, अशी ती थांबते. पाठीवर थाप पडते, कानावर ‘खो’ येतो आणि त्या क्षणी तिला उठून सुटायचं असतं. उशिरा उठली तर गडी निसटतो, आधीच उठली तर फाऊल. अंदाज, धीर आणि सोबतिणीवरचा विश्वास या वयात इतक्या लवकर शिकवणारं दुसरं काही शाळेत असेल तर मला ठाऊक नाही. आणि त्याला फी नाही. मुलाच्या क्लासांसाठी महिन्याला आठ-नऊ हजार निघत होते. तिच्या खेळाला लागत होता फक्त दीड तास, तोही आपण तिच्याकडून काढून घेतला.

त्यात तुम्ही बडोद्यात राहता! खो-खोचे नियम पुस्तकरूपात पहिल्यांदा छापले गेले ते तुमच्याच गावात, 1924 साली, बडोद्याच्या जिमखान्याकडून. जुम्मादादा व्यायाम मंदिर ही जुनी व्यायामशाळा आणि ती नावारूपाला आणणारे व्यायामशिक्षक प्रा. माणिकराव यांचं हे गाव. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा त्यात मुलींनाही धरलं होतं, आणि तेव्हाच्या घरांनीही हेच विचारलं असणार, की ही शाळेत गेली तर घरातलं कोण बघणार. महाराणी चिमणाबाई 1927 मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. एवढा वारसा दाराशी असताना नववीतली मुलगी चहासाठी मैदान सोडते, याची मला बडोद्याकडून अपेक्षा नव्हती.

शिवाय आता या खेळात पुढे काही नाही असंही म्हणता येणार नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे, आणि त्या संघात गुजरातच्या डांग जिल्ह्यातली एक मुलगीही होती. तुमच्या मुलीनं तिथवर जावं असा माझा मुळीच आग्रह नाही. शाळेच्या संघातून एखादा सामना खेळून, मैत्रिणींबरोबर सेव-उसळ खाऊन, गुडघे खरचटून घरी आली तरी मला पुरे आहे. पण खेळात काही नाही म्हणून सोडलं, असं कोणी म्हणू नये. खेल महाकुंभ या गुजरात सरकारच्या क्रीडास्पर्धेत खो-खो आहे, शालेय स्पर्धांत सतरा वर्षांखालच्या मुलींचा गट आहे. म्हणजे तिच्या वयाला दार उघडं आहे. पुढच्या वर्षी दहावी येईल आणि तेव्हा तुम्हीच म्हणाल, आता बोर्डाचं वर्ष, आता कसला खेळ. दहावीनंतर मैदानावर परत आलेल्या मुली मी फार थोड्या पाहिल्या आहेत. तिच्याकडे हेच वर्ष आहे.

आता मुलाचं. तीन क्लास त्याला तुम्ही लावलेत, तेही आतेभावाच्या सांगण्यावरून. ते त्यानं सोडले. यात आयुष्य वाया जाण्यासारखं काय आहे? तो इथेच इंजिनीअरिंगला जाणार असेल तर जेईईच्या गुणवत्ता यादीत गिटारला गुण नसतात. अमेरिकेचं म्हणाल, तर आतेभाऊ चुकीचं सांगत नाहीत, पण अर्धंच सांगतात. तिथली पुष्कळ कॉलेजं कॉमन अ‍ॅप नावाचा एकच ऑनलाइन अर्ज घेतात. त्यात उपक्रमांसाठी दहा जागा असतात. प्रत्येक उपक्रमापुढे आठवड्याचे किती तास, वर्षातले किती आठवडे आणि कोणकोणत्या इयत्तेत, हे लिहावं लागतं. म्हणजे पैसे भरून नाव नोंदवलं आणि कंटाळून सोडलं, हे त्या अर्जात लपत नाही. आणि उपक्रमांचे जे प्रकार त्यात दिलेले आहेत, त्यांत एक प्रकार चक्क ‘कुटुंबातल्या जबाबदाऱ्या’ असा आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची रोज ठरल्या वेळी काळजी घेणं त्यात मोकळेपणानं लिहिता येतं. आजच्या घडीला तुमच्या घरात ती जागा खरेपणानं भरू शकेल अशी व्यक्ती एकच आहे, आणि तिच्या भविष्याबद्दल तुम्ही मला काहीच विचारलेलं नाही.

तेव्हा एनसीसी नको, डिबेट नको. पाच वाजता आजीचा चहा आणि गोळी हे काम आता मुलाचं. एवढंच करा, पण ते नीट करा.

येत्या रविवारी दुपारी त्याला स्वयंपाकघरात उभा करा. सासूबाईंना आलं किती लागतं, साखर चालते की नाही, चहा कपात की पेल्यात, गोळी आधी की नंतर, सगळं त्याला दाखवा. औषधाच्या डब्यावर वार आणि वेळ त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. त्याला बहिणीला मदत कर असं सांगू नका. मदत म्हटलं की काम तिचंच राहतं आणि तो उपकार करतो. काम त्याचं आहे असं सांगा. तो दार आपटेल. आपटू दे. सोमवारी पाच वाजता फोन कराल तेव्हा मोबाइलबद्दल एक अक्षर बोलू नका, एवढंच विचारा, "आजीची गोळी झाली?"

सासूबाईंशी तुम्ही बोला, मुलीला बोलायला लावू नका. "नातीच्या हातचाच चहा गोड लागतो," असं त्या म्हणतील कदाचित. प्रेमानं ऐकून घ्या आणि ठरलेलं बदलू नका. खरं तर त्यांनाही संध्याकाळी नातवाचा चेहरा दिसेल. दोनपासून घरात असलेला मुलगा आजीशी किती वाक्यं बोलतो, याचा तुमच्या पत्रात पत्ता नाही. पहिले चार दिवस चहा पाणचट होईल. त्यानं कोणाचं काही बिघडत नाही.

आणि तुमच्या ‘यांचं’ काय? अप-डाउन आहे म्हणून घरातल्या निर्णयातून सुट्टी नाही. रविवारी ते घरी असतील. मुलाला हे सांगताना तुमच्या शेजारी त्यांना बसवा, आणि पहिलं वाक्य त्यांनी बोलावं.

मुलीला मात्र आत्ता काही विचारू नका. "तुला परत जायचंय का गं?" असं विचाराल तर ती "नको, राहू दे" म्हणेल. कारण उत्तर देण्याआधी ती मनात आजीचा चहा मोजेल, तुमचा थकवा मोजेल, आणि स्वतःला वजा करेल. तिला ती सवय लागली आहे. म्हणून आधी तिला डोळ्यांनी बघू दे. शाळेतून येईल तेव्हा कप विसळून पालथा ठेवलेला दिसू दे, डब्यातला त्या दिवसाचा कप्पा रिकामा दिसू दे. आठवडाभर. मग एक दिवस अर्धी रजा टाका, तिच्याबरोबर शाळेत जा आणि खेळाच्या शिक्षकांना भेटा. यंदाच्या स्पर्धा उरकल्या असतील, संघात तिची जागा दुसरीला दिली असेल. असू दे. त्यांना सांगा, ती सरावाला येणार आहे आणि पाचची अडचण संपली आहे. हे तुमच्या तोंडून आणि तिच्या समोर व्हायला हवं. तिचं तिनं जाऊन सांगणं वेगळं आणि आईनं रजा काढून येऊन सांगणं वेगळं, तिला तो फरक बरोबर कळेल.

अंधार पडतो म्हणाल, तर खेळ सोडण्याआधीही ती परत येतच होती. संघातल्या मुली एकत्र निघतात. अगदीच वाटलं तर कोपऱ्यापर्यंत यायला घरात माणूस आहे, साडेसहाच्या ट्यूशनला तो त्याच सुमाराला बाहेर पडतो.

तुम्ही वाईट आई आहात असं मला वाटत नाही. सात वाजता थकून घरी येणारी बाई, समोर जो आरडाओरडा करतो त्याच्याकडेच आधी बघते. पण झोप लागत नाही म्हणालात, तर त्या जागरणातली निम्मी रात्र धाकटीला द्या.

मुलाच्या क्लबाबद्दल जूनमध्ये पुन्हा लिहा, तेव्हा सविस्तर बोलू. तोवर त्याला काही लावू नका, आणि रोबोटिक्सचा किट कपाटावरून काढून त्याच्या हाताला लागेल असा ठेवा, त्यावर काही न बोलता. त्याआधी मात्र मला एक पत्र हवं आहे. महिन्याभरानं मैदानावर जाऊन या आणि कळवा, तुमची लेक पाटीवर कुठे बसते, खांबाजवळ की मधल्या चौकात.