पोहायला जाताय? आधी विचारा, वरनं पाणी कोण सोडतंय

मे लागला की या सदराला येणारी सगळी पत्रं ओलीच असतात. धरण, डोह, धबधबा, घाट. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून यावेळी पाच प्रश्न निवडलेत, त्यातला पहिला असा की तो निम्म्या वाचकांचा असणार.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही मिरजेचे, तीन फॅमिली, लहानमोठी मिळून सहा पोरं. मे च्या दुसऱ्या आठवड्यात वाई, महाबळेश्वर, तापोळा, कोयना असं तीन दिवसांचं ठरवतोय. पोरांना पोहायचंय, पण हॉटेलचा टँक नको म्हणतात, बॅकवॉटरला नाहीतर नदीतच पाहिजे. रील्समध्ये तर पाणी काय भारी दिसतंय. कुठं उतरायचं तेवढं सांगा.
(एक वाचक, मिरज)

उत्तर: दादा, रील्समधलं ते काठोकाठ निळं पाणी बहुतेक दिवाळीच्या आसपासचं असतंय, आणि तुम्ही निघालाय मे मध्ये. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरला की १०५.२५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), मग वर्षभर ते पाणी वीज करायला आणि शेतीला जातंय, आणि पाऊस पडायच्या आधी ते सगळ्यात खाली गेलेलं असतंय. म्हणजे तुम्ही तापोळ्याला पोचाल तेव्हा काठ लांब आत सरकलेला, मध्ये नुसता गाळ. हा गाळ फसवा. वरनं उन्हानं तडकलेला पापुद्रा, चालायला कडक वाटतो, आणि पाण्याजवळ गेलं की पाय एकदम गुडघ्यापर्यंत आत. त्यात हे काही तळं म्हणून खोदलेलं नाही, ही बुडालेली दरी आहे, मूळची गावं आणि शेतं आत आहेत, त्यामुळं तळाला जोती, बांध, झाडांची खोडं काहीही असू शकतं आणि उतार डोंगराचा, दोन पावलांवर कमरेएवढं पाणी आणि तिसऱ्या पावलाला तळच नाही. शिवाय वरचं हातभर पाणी उन्हानं कोमट झालेलं असतंय आणि खाली गार, चांगला पोहणारा पण आत गेला की त्याचा श्वास अडखळतो.

म्हणून तापोळ्याला पोहायचं नाही, बोटीत बसायचं. कोयना, सोळशी आणि कांदाटी या तीन नद्यांचा संगम तिथनं बोटीनं बघता येतो आणि खरं सांगू का, ती दरी पाण्यावरनं बघण्यात जी मजा आहे ती गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून येत नाही. लाइफ जॅकेट अंगात घालायचं, मांडीवर ठेवायचं नाही, आणि बोटवाल्याला "मध्ये थांबवा की जरा, सूर मारतो" असला आग्रह करायचा नाही. पोरांना अंगावर पाणी पाहिजेच असेल तर मुनावळ्याला जलपर्यटन सुरू झालंय, तिथं जॅकेट आणि माणसं दोन्ही असतात. साताऱ्याकडनं कास मार्गे गेलात तर बामणोली, तिथनं वासोटा किल्ला, पण तो अभयारण्याचा भाग, वनखात्याची परवानगी घेऊनच जायचं आणि तिथं पाण्यात उतरायचा विषयच काढायचा नाही. तिकडं मोबाईलला रेंजही धड नसते हे घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुमच्या आई रात्रभर जागतील.

वाईचं म्हणाल तर धोमचं पाणी पाचगणीच्या टेबललँडवरनं बघा, तेवढं पुरे. खाली धोम गावात नरसिंहाच्या देवळाजवळचा नंदी मात्र चुकवू नका, कासवाच्या पाठीवर बसलाय, पोरांना आवडेल. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आहे. पाणी वाहतं आणि स्वच्छ असेल, पायऱ्या दिसत असतील आणि गावातलं कुणीतरी आधीच पाण्यात असेल तर तिथं पोरांना पायरीवर बसवून डुंबवा. पाणी साचून हिरवं झालेलं असेल तर नुसते फोटो काढून या, वाईट वाटून घेऊ नका.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं लांबण लावलं. आपल्याकडं पूर म्हणजे पावसाळा असं डोक्यात बसलंय. पण कोयनेतनं भर उन्हाळ्यात पाणी सोडतात, ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांसाठी, म्हणजे तुमच्याच मिरजेकडच्या शेतांसाठी. धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहाची दोन्ही युनिटं चालू झाली की २१०० क्युसेक. पेपरात हा आकडा किरकोळ वाटतो. हिशोब करा, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरच्या वर, म्हणजे २१०० क्युसेकचे सेकंदाला जवळपास ६० हजार लिटर. दहा हजार लिटरचे सहा टँकर, दर सेकंदाला, आणि आकाशात ढगाचा ठिपका नाही.

मी हे स्वतः बघितलंय. कॉलेजला असताना एका धरणाच्या खालच्या अंगाला (नाव नको) आम्ही पाचजणी नदीच्या मधोमध एका कातळावर डबे उघडून बसलेलो, पाणी घोट्याएवढं, चपला खालच्या दगडावर. कुणीतरी म्हणालं चपलांचा दगड ओला कसा झाला, तर सगळ्या म्हणाल्या तूच पाणी उडवलं असशील, आणि त्यावर पाच मिनिटं हसण्यात गेली. भोंगा वाजला असेलही, आमची गाणी चालू होती. शेवटी काठावरनं एक म्हशी राखणारे आजोबा शिव्या देत ओरडायला लागले तेव्हा उठलो, परत येताना तेच पाणी मांडीच्या वर होतं आणि ढकलत होतं. चपला गेल्या, एक डबा गेला. त्या शिव्यांचं मोल आता कळतंय. तर लक्षात ठेवा, स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला किंवा पाण्याचा आवाज बदलला की सामान न उचलता पहिलं बाहेर पडायचं, आणि ज्या काठावर गाडी आहे त्याच काठाला, पलीकडं नाही. नदीत उतरायच्या आधी गावात एकच विचारायचं, "वरनं पाणी सुटलंय का?" हॉटेलवाल्याला नको, नदीवर ज्याची मोटर आहे त्या शेतकऱ्याला विचारा. त्याला तास-मिनिटासकट माहीत असतंय.

प्रश्न: कास तलावात पोहलं तर चालतं का? गर्दी नसते तेव्हा जाऊ.
(एक कॉलेजकुमार, कराड)

उत्तर: नाही. ते पाणी सातारकर पितात. गर्दी नसली तरी पितात.

प्रश्न: मी ७१ वर्षांचा. सांगलीत कृष्णेत पोहायला शिकलो, आयर्विन पुलावरनं पुराच्या पाण्यात उड्यापण मारल्यात, आता कबूल करायला हरकत नाही. नातू पुण्याहून सुट्टीला येतोय, त्याला नदीत न्यायचंय. सूनबाई म्हणतात नदीत मगरी आहेत, बाबा तुम्ही वेडे आहात का. कोण बरोबर?
(एक आजोबा, सांगली)

उत्तर: आजोबा, सूनबाई बरोबर आहेत, पण तुम्हीही अगदीच चूक नाही. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत आणि माणसांवर हल्लेही झालेत, ही अफवा नाही. गंमत अशी की उन्हाळा हाच त्यांचा पण बाळंतपणाचा सीझन. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास मादी काठाच्या मातीत अंडी घालते, मे-जूनकडं पिल्लं बाहेर येतात आणि तोवर ती तिथनं हलत नाही, जवळ गेलेल्यावर धावते. म्हणजे आपण पोहायला जातो तेव्हाच ती सगळ्यात चिडकी. त्यामुळं झाडीचा, मळीचा, सुनसान काठ पूर्ण वर्ज्य. पहाटे अंधारात आणि तिन्हीसांजेला पाण्यात नाही. मगर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे, दिसली तर दगड मारायचे नाहीत, वनखात्याला कळवायचं.

नातवाला न्यायचंच असेल तर घाटावर रोज पोहणारी मंडळी असतात, तुम्ही त्यांना ओळखत असालच, चांगलं उजाडल्यावर त्यांच्यासोबत जा. त्यांनी आज नको म्हटलं तर नको. आणि पुलावरच्या उड्यांच्या गोष्टी नातवाला यावर्षी सांगू नका, तो अठराचा झाल्यावर सांगा, तोपर्यंत आयर्विनला पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका एवढंच शिकवा.

खरं तर मला मगरीपेक्षा बंधाऱ्याची धास्ती जास्त वाटते. आपले कोल्हापुरी बंधारे दिसायला किती गरीब, चार-पाच फुटांवरनं पाणी पडतंय, खाली फेस, पोरं खुशाल त्यात शिरतात. पण पडलेलं पाणी खाली जाऊन परत भिंतीकडंच गुंडाळत येतं, सापडलेला माणूस बाहेर यायला हात मारतो आणि ते त्याला परत भिंतीशी आणून आपटतं. फेसात हवाच जास्त, त्यामुळं अंग तरंगत पण नाही. वरच्या बाजूला वेगळीच तऱ्हा, बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, नीट बसलेले नसतील तर फटीतनं पाणी असं ओढतं की अडकलेला पाय निघत नाही. बंधाऱ्याच्या वर नाही, खाली पण नाही.

प्रश्न: मुलगी नऊ वर्षांची, आमच्या शेतात विहीर आहे, सासरे म्हणतात बिंडा बांधून आठ दिवसात शिकवतो. मिस्टर म्हणतात क्लासला घाला. तुम्ही सांगा.
(एक ताई, वाळवा तालुका)

उत्तर: माझं मत सासऱ्यांना, कारण मी पण अशीच शिकले. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा पाठीला बांधलेला, काठावर काका आणि पोटात गोळा. पांगारा मिळाला नाही तर घट्ट झाकणाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन चालतो, पण गाठ सासऱ्यांनी बांधायची आणि तुम्ही तपासायची. विहिरीला खालपर्यंत पायऱ्या पाहिजेत, एक जाड दोर पाण्यात सोडून ठेवलेला पाहिजे, आणि पोहता येणारा माणूस पाण्यात हवा, नुसता काठावर मोबाईल घेऊन नको.

आणि हे नीट वाचा. विहिरीत मोटर असेल तर ती नुसती स्टार्टरनं बंद करून भागत नाही, फ्यूज काढून खिशात घालायचे. केबल कुठं सोललेली असली तर पाण्यात करंट उतरतो आणि तो दिसत नाही. लाईटचं शेड्यूल रात्रीचं असेल तर दिवसा काय होतंय असं म्हणू नका, आटोस्विच असतोच बऱ्याच जणांकडं, लाईट आली की मोटर आपली आपण सुरू.

मिस्टरांना क्लासची फी वाचली म्हणून आईस्क्रीम आणायला सांगा.

प्रश्न: आमच्या ग्रुपमध्ये दोघांनाच पोहता येतं. समजा कुणी बुडायला लागलं तर त्या दोघांनी उडी मारायची का?
(एक ट्रेकर, सातारा)

उत्तर: शक्यतो नाही. बुडणारा माणूस जे हाताला लागेल ते धरतो, म्हणजे तुमचा गळा धरतो, आणि एकाचे दोन होतात. आपल्याकडं अशा बातम्या दरवर्षी येतात, भाऊ वाचवायला गेला, बाप वाचवायला गेला. आधी काहीतरी फेका किंवा पुढं करा. दोर, ओढणी, साडी, लांब काठी, पाण्याचा रिकामा कॅन. स्वतः आडवं झोपून काठावरनं द्यायचं, उभं राहिलं की तो ओढून घेतो.

बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढायचं, उलटं धरून गरगर फिरवायचं, हे सगळं बंद. त्यात वेळ जातो आणि उलटीचं पाणी परत छातीत जातं. श्वास नसेल तर आधी तोंडानं श्वास द्यायचे, मग छातीच्या मध्यावर ३० वेळा जोरात दाबायचं, मग २ श्वास, आणि हे मदत येईपर्यंत थांबवायचं नाही. एकानं हे करायचं, दुसऱ्यानं १०८ ला फोन, रेंज नसेल तर तिसऱ्यानं गाडी घेऊन रेंजपर्यंत पळायचं. माणूस उठून बसला, हसला, चहा मागितला तरी दवाखान्यात न्यायचाच, छातीत गेलेलं पाणी काही तासांनी पण त्रास देतं.

आणि ट्रेकच्या सॅकमध्ये चार पॅकेट मॅगी कमी घेतली तरी चालेल, पण वीस मीटर दोर आणि पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या. कॅनच्या कडीला दोर घरनंच बांधून न्या, तिथं गेल्यावर हात थरथरतात, गाठ बसत नाही.