‘हे शिकून पोरगी करणार काय?’

‘मॅडम, आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे नेमकं काय हो? आणि हे शिकून पोरगी करणार काय?’

निफाडकडचे एक शेतकरी बारावी झालेल्या लेकीला घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी आले होते. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हातात खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक, फीच्या आकड्याखाली पेनाने दोनदा ओढलेली रेघ. ‘अर्धा एकर विकावा लागेल,’ ते हळूच म्हणाले. मुलीने मान खाली घातली.

दर जूनमध्ये हा प्रश्न माझ्याकडे येतो, आणि त्यामागची भीती खरी असते.

मी मुलीला विचारलं, ‘तुला कुठल्या देशाचा अभ्यास करायचाय?’

‘सगळ्याच. मला फॉरेन सर्व्हिसमध्ये जायचंय.’

इथे मी स्पष्टच बोलले. परराष्ट्र सेवेची वाट यूपीएससीच्या परीक्षेतूनच जाते. तिथे कुठल्याही शाखेची पदवी चालते आणि या पदवीला जादा गुण नाहीत. परदेशी भाषा तर निवड झाल्यावर सरकारच शिकवतं. नुसत्या त्या स्वप्नासाठी जमीन विकू नका.

मुलीचा चेहरा उतरला. मग मी वडिलांकडे वळले. ‘भाऊ, तुमचा कांदा कुठे जातो?’

‘व्यापारी बांगलादेशला पाठवतो.’

पुढची वीस मिनिटं तेच बोलत होते. डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी आली, तेव्हा भाव कसा कोसळला. मे 2024 मध्ये ती उठली, तीही टनाला किमान 550 डॉलर दर आणि 40 टक्के शुल्क लावून. त्याच वर्षी 5 ऑगस्टला बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना देश सोडून गेल्या आणि पेट्रापोलला, भारत-बांगलादेश सीमेवर, मालाचे ट्रक अडकून पडले. ढाक्यातल्या गोंधळाची झळ लासलगावच्या बाजारापर्यंत कशी येते, हे इतकं नेमकं मी क्वचितच ऐकलंय.

‘पप्पा, हे मला कधी सांगितलं नाहीत.’

‘तू कधी विचारलंस?’

त्या दिवशी तिचा देश ठरला. नाशिकमध्येच बी.ए., मुख्य विषय अर्थशास्त्र, जोडीला राज्यशास्त्र. अर्थशास्त्राचा आग्रह माझा होता. शुल्क, कोटा, विनिमय दर कळले नाहीत, तर या विषयात माणूस बातम्यांवर मतं देण्यापलीकडे जात नाही. एम.ए.साठी पुढे दिल्लीच्या जेएनयूचा प्रयत्न करायचा. तिथल्या आंतरराष्ट्रीय अभ्यास संस्थेची परंपरा 1955 पासूनची, प्रवेश सीयूईटी या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून आणि फी खासगीच्या मानाने फारच कमी. आणि भाषा? फ्रेंच-जर्मनच्या मागे सगळेच धावतात. तिने बंगाली घेतली.

वडिलांना मी खोटा दिलासा दिला नाही. ‘आंतरराष्ट्रीय संबंधांचा पदवीधर पाहिजे’ अशी जाहिरात सहसा दिसत नाही. पहिली नोकरी निर्यातदाराकडे कागदपत्रांची असेल, एखाद्या संशोधन संस्थेत असेल किंवा वर्तमानपत्रात. यूपीएससीचा रस्ता तेव्हाही खुला राहील. ते बराच वेळ गप्प होते. मग माहितीपत्रकाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. ढाक्याच्या एका वर्तमानपत्रातली बातमी तिने मला अडखळत वाचून दाखवली. ‘पेंयाज’ म्हणजे कांदा, हे मलाही तेव्हाच कळलं. मागून वडिलांचा आवाज आला, ‘अगं, भाव काय लिहिलाय ते आधी सांग.’